तांबडी रेषा कुठे ठेवायची

तिला सगळे माई म्हणत. खगोलशास्त्राच्या विभागात ती वयानं सगळ्यांत लहान, घरातही शेंडेफळ. पण बोलायला लागल्यापासून घरादाराला सल्ले देत फिरायची, कोणी कुठली चप्पल घालावी इथपासून. थोरल्या भावानं चिडून हे नाव ठेवलं आणि ते तिला चिकटलं. आता गंमत अशी, की हीच माई महिनाभर एका प्रश्नावर अडून बसली होती आणि स्वतःला द्यायला तिच्याकडे काडीचा सल्ला नव्हता.

प्रश्न ऐकायला क्षुल्लक होता. डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीवर तिला एक रात्र मिळाली होती. एकच. त्या रात्री तिच्या ताऱ्याचा प्रकाश स्पेक्ट्रोग्राफमधून जाणार होता. स्पेक्ट्रोग्राफ म्हणजे काय, तर प्रकाश एका अरुंद फटीतून आत घ्यायचा, बारीक रेघा कोरलेल्या काचेवर, म्हणजे ग्रेटिंगवर, पाडायचा, आणि तो रंगारंगांत फाकला की त्याची लांब पट्टी पलीकडच्या कॅमेऱ्यावर टिपायची. यंत्र बिचारं सांगाल ते करतं. सांगायचं मात्र आधी असतं: फट किती रुंद, ग्रेटिंग कुठली, आणि पट्टीच्या मध्यावर कुठला रंग. फट अरुंद ठेवली तर चित्र रेखीव येतं, पण निम्मा प्रकाश दाराबाहेरच राहतो; रुंद ठेवली तर प्रकाश भरपूर आणि चित्र फिसकटलेलं. जाड रेघांची ग्रेटिंग घेतली तर निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळं दिसतं, पण वरवर. बारीक रेघांची घेतली तर थोडंच दिसतं, पण कसून. काहीही निवडा, काहीतरी हातचं जातंच.

माईचा तारा एकटा नाही, असं माईचं म्हणणं होतं. न दिसणारा कोणी जोडीदार त्याला ओढत असतो, आणि त्यामुळे त्याच्या पट्टीतली हायड्रोजनची तांबडी रेषा किंचित इकडून तिकडे सरकते. बाकीची मोजमापं तिच्यापाशी होती. रेषा सगळ्यांत जास्त सरकलेली असते ती वेळ तेवढी दर वेळी हुकली होती, आणि ती याच रात्री येणार होती. त्यानंतर तारा सूर्याआड जाणार, आणि तो परत दिसेपर्यंत माईची शिष्यवृत्ती संपणार. म्हणजे ही एक रेषा नीट उमटली तर प्रबंध पुरा, नाहीतर पाच वर्षं पाण्यात.

सेटिंग आज संध्याकाळी पाचच्या आत कळवायची होती. मग डोंगरावरची माणसं मागितलेली ग्रेटिंग बसवून यंत्र बंद करणार, आणि त्यानंतर कोणी कितीही हातापाया पडलं तरी बदल नाही.

"अजून ठरलं नाही?" सकाळी चहा गाळता गाळता आईनं विचारलं.

"सर आधी म्हणाले बारीक ग्रेटिंग. मग म्हणाले जाड. मग म्हणाले, जाड तुला कोणी सांगितली?"

"तू नीट ऐकलं नसशील."

"मी नीटच ऐकलं, आई."

"लहानपणी तुला दूध आणायला पाठवलं की तू पाव घेऊन यायचीस. आणि वर मलाच सांगायचीस की मी पावच म्हणाले होते."

दादानं वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "नाणं उडव," तो म्हणाला. "छापा बारीक, काटा जाड. इतकी वर्षं शिकून शेवटी आकडाच भरायचा ना?"

माई एरवी त्याच्यावर तुटून पडली असती. आज तिनं मुकाट्यानं चहा संपवला, कारण आई म्हणते तेच खरं असावं असं तिला आता वाटू लागलं होतं. दोष आपल्याच कानांत असणार.

इथे सरांबद्दल सांगायला हवं. सर म्हणजे माईचे मार्गदर्शक. डोंगरावरचा तो स्पेक्ट्रोग्राफ ज्यांनी उभा केला त्यांतले ते एक. त्याचा स्क्रू न् स्क्रू त्यांना पाठ. विभागात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांच्या खोलीत एक कडक नियम होता, की ते बोलत असताना कोणी लिहायचं नाही. "लिहिणाऱ्याचं लक्ष पेनात असतं," असं ते म्हणत. कोणी पेन काढलं की सर बोलायचे थांबत आणि ते पेन खिशात परत जाईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहत. संध्याकाळी जाताना फळाही स्वतःच्या हातानं पुसत. त्यामुळे सर काल काय म्हणाले याचा पुरावा जगात कुठेही नसे. ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात असे, नाहीतर नसेच. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना या शिस्तीचा फायदा झाला होता. माईलाही झाला होता, या महिन्यापर्यंत.

या महिन्यात मात्र नुसतं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. सर म्हणाले, बारीक ग्रेटिंग, अरुंद फट. माईनं घरी जाऊन त्याप्रमाणे सगळी गणितं केली. ती दाखवायला गेली तर सरांनी कपाळाला हात लावला. "बारीक? इतक्या मंद वस्तूला बारीक? मी तुला जाड सांगितली होती." माईनं खाली मान घालून जाड ग्रेटिंगची गणितं केली. ती दाखवली तर सर म्हणाले, "हे काय? रेषेचं सरकणं जाड ग्रेटिंगनं मोजणार? लक्ष कुठे असतं तुझं, माई?" बरं, रागही असा खरा, की त्या रागापुढे आपली आठवण खोटीच वाटावी. माईच्या डोक्याला मुंग्या आल्या होत्या. बसमध्ये, आंघोळीला, जेवताना ती सरांची वाक्यं पुन्हा पुन्हा आठवून बघायची, आणि जितकी आठवायची तितकी ती पुसट व्हायची.

आज शेवटचा दिवस म्हणून ती सकाळीच त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. सर खुशीत होते.

"ये. तुझ्या दीर्घिकेचं काय झालं?"

"तारा, सर."

"तेच ते. बस."

आणि मग सरांनी फळ्यावर असं काही समजावलं की माई सगळा महिना विसरली. बारीक ग्रेटिंग का, फट किती, आपल्या ताऱ्याचा प्रकाश किती, त्यातला किती दारातच सांडेल, रेषा किती सरकेल आणि ती कॅमेऱ्याच्या किती टिंबांवर पसरलेली दिसेल. एका पायरीवरून पुढची पायरी. शेवटी त्यांनी कॅमेरा म्हणून एक लांबट चौकट काढली आणि तिच्या बरोबर मध्यावर उभी रेघ मारली.

"आणि रेषा ठेवायची मधोमध. कडेला चित्र बिघडतं. मोलाची वस्तू नेहमी मध्यावर. पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय मी."

"हो, सर," माई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला.

ती तशीच आपल्या टेबलापाशी आली आणि दुर्बिणीच्या संकेतस्थळावर एकेक रकाना भरू लागली. सगळं भरलं की खाली एक चित्र उमटतं: पट्टी कॅमेऱ्यावर कशी पडेल, तिच्यात कुठली रेषा कुठे येईल. माईनं आधीही ती चित्रं पाहिली होती, पण रेषा मध्यावर ठेवून कधीच पाहिली नव्हती. आता बघते तर कॅमेऱ्याच्या दोन चौकटी शेजारी शेजारी होत्या, त्यांच्यामध्ये एक काळी उभी चीर होती, आणि हायड्रोजनची तांबडी रेषा नेमकी त्या चिरेत होती.

तिनं डोळे चोळले. पान मिटून परत उघडलं, आकडे परत भरले. रेषा तिथेच.

कॅमेरा दोन तुकड्यांचा आहे हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. जुना कॅमेरा काढून हा नवा बसवला त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि तो कोणाच्या आग्रहानं बसवला, तर सरांच्या. दोन तुकड्यांच्या जोडावर बोटभरही नसेल एवढी जागा मोकळी राहते. तिथे पडलेला प्रकाश कुठेच उमटत नाही. म्हणजे डोंगरावरची एक अख्खी रात्र, आणि जे बघायचं ते सोडून बाकी सगळं दिसणार.

तिनं डोंगरावर फोन लावला. तिकडे निरीक्षणं घेणाऱ्यांना मदत करायला नेमलेला एक खगोलशास्त्रज्ञ असे; बोलून बोलून तिच्या ओळखीचा झालेला, स्वभावानं घाईचा.

"मी सेटिंग भरतेय," माई म्हणाली. "एकदा बघाल का? मधल्या जोडाबद्दल जरा शंका आहे."

"कोणाची सेटिंग? सरांची?"

"हो, त्यांनीच सांगितली."

"मग मी काय बघणार, कपाळ?" तो हसला. "अहो, त्यांनी कॅमेरा बसवलाय. त्याची माहितीपुस्तिका त्यांनी लिहिलीय. नवख्यांच्या सेटिंगा आम्ही तपासतो. सरांचं नाव दिसलं की डोळे मिटून पुढे. पाठवा बिनधास्त."

फोन ठेवला आणि माई आणखीच गोंधळली. चूक पकडायला जो माणूस बसवलेला, तो सरांच्या नावामागे डोळे मिटून बसलेला. आणि सर तर चुकायचे नाहीत. आता एका हुशार मुलीनं आदरापोटी काय करावं? माईनं जे केलं ते सांगताना हसू येतं, पण तिच्या जागी असते तर विभागातल्या दहांपैकी नवांनी तेच केलं असतं. ती सरांच्या बाजूनं कारण शोधायला बसली. सर चुकत नाहीत, म्हणजे रेषा चिरेत पडते हे त्यांना ठाऊक आहे. ठाऊक आहे, म्हणजे ती तिथे पडावी अशीच त्यांची इच्छा आहे. अशी इच्छा का असेल? रेषा फार तेजस्वी असेल, कॅमेऱ्याचे डोळे दिपतील, म्हणून तिला मुद्दाम लपवायचं आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवरून तिची जागा काढायची, असं तर नाही? वा! माई जेवायचीसुद्धा विसरली. तिनं कागदावर कागद भरले. पद्धत अवघड होती, नवी होती, सरांना शोभेल अशी होती. दोष एवढाच, की ते दोन्ही उतारही चिरेतच जात होते. शिवाय इतक्या मंद ताऱ्यानं कोणाचे डोळे दिपत नाहीत, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं.

मग उरली एकच शक्यता. सर आपली परीक्षा बघताहेत. महिनाभर उलटसुलट सांगून, आपण कधी तोंड उघडतो ते बघताहेत. या विचारानं तिला धीर येण्याऐवजी रडूच यायला लागलं, कारण परीक्षा असेल तर ती महिनाभर नापास होत आली होती.

ती सरांकडे जायला निघाली, तर जिन्यात काकू भेटल्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी; निवृत्त मुख्याध्यापिका, उंच, चष्मा गळ्यात अडकवलेला, आवाज असा की समोरच्यानं आपोआप नखं कापलीत का ते बघावं. हल्ली त्या रोज दुपारी सरांना न्यायला यायच्या. घरी करमत नसेल, असं विभागात सगळे समजत.

"तोंड का गं असं?"

"काकू, सर माझ्यावर नाराज आहेत का?"

"का बरं?"

"एक सांगतात, मग दुसरं सांगतात, आणि मी ऐकलं नाही म्हणतात. मला वाटतं ते माझी परीक्षा बघताहेत."

काकू पायरीवर बसल्या. त्या कधी पायरीवर बसतील असं माईला स्वप्नातही वाटलं नसतं. त्यांनी शेजारी हात थोपटला, तशी माईही बसली.

"परीक्षा नाही बघत. विसरतात."

"सगळेच विसरतात, काकू."

"सगळे किल्ली विसरतात. यांनी परवा कुलूप हातात धरून मला विचारलं, याचं काय करायचं असतं." काकूंनी चष्मा पदरानं पुसला, पण डोळ्यांवर लावला नाही. "डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळ्या दिल्यात. गोळ्यांनी बरं होत नाही, वाढायला उशीर होतो एवढंच."

"सरांना ठाऊक आहे?"

"आहे की. रोज नव्यानं ठाऊक होतं, तेच वाईट. मला म्हणाले, हिचं होईपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही. तू त्यांची शेवटची विद्यार्थिनी."

माईला पहिल्यांदा काय झालं असेल, तर आनंद. म्हणजे मी वेडी नाही! माझे कान ठीक आहेत, मी नीटच ऐकलं होतं, प्रत्येक वेळी! आणि दुसऱ्याच क्षणी त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की तिला काकूंकडे बघवेना. जाड ग्रेटिंगचं कोडंही आता सुटलं. तिच्या कितीतरी आधी सरांचा एक विद्यार्थी मंद दीर्घिकांवर काम करायचा; त्याच्यासाठी जाडच बरोबर होती. आणि मधोमधची गोष्ट जुन्या कॅमेऱ्याची. त्याला जोड नव्हताच. सर चुकीचं काहीच सांगत नव्हते. ज्याचं त्याला न सांगता भलत्यालाच सांगत होते, एवढंच.

"मग मी काय करू, काकू? पाचच्या आत पाठवायचंय. आणि त्यांनी मंजुरीचं बटण दाबल्याशिवाय जात नाही ते. मी माझ्या मनानं आकडा बदलला तर त्यांच्या लक्षातही येणार नाही कदाचित."

"तुमच्या त्या यंत्रातलं मला काय कळतं? मी भूगोल शिकवला जन्मभर." काकू उठल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "एक सांगते, त्यांना फसवू नकोस. कशात फसवलं ते विसरतात, पण फसवलं एवढं राहतं. मग दोन दोन दिवस जेवत नाहीत. मी खाली थांबते. चार वाजून गेलेत."

माई सरांच्या दारापाशी आली. फसवायचं नाही, आणि चूक तर दाखवायला हवी. ज्यांच्यापुढे आपण कधी पेन काढलं नाही, त्यांना हे सांगायचं कोणत्या तोंडानं? मनात वाक्य जुळवत ती आत गेली आणि आत गेल्यावर तिला त्यातला एकही शब्द आठवेना.

"सर," ती म्हणाली, "तो कॅमेरा फळ्यावर परत एकदा काढून दाखवाल?"

सकाळची आकृती फळ्यावर तशीच होती. सरांनी तिच्याखाली पुन्हा तीच लांबट चौकट काढली, मध्यावर रेघ मारली, आणि तोंड उघडणार तेवढ्यात माईनं त्यांच्या हातातला खडू घेतला. त्या खोलीत आजवर कोणी ही हिंमत केली नव्हती. तिनं चौकटीच्या बरोबर मध्ये, त्या रेघेवरूनच, वरपासून खालपर्यंत जाड पट्टा ओढला.

"हे काय?"

"जोड आहे, सर. आता कॅमेरा दोन तुकड्यांचा आहे. मध्ये मोकळी जागा आहे. तिथे काही उमटत नाही."

"आणि हा उद्योग कोणी केला?"

"तुम्ही, सर."

सर फळ्याकडे बघत राहिले. माईनं तो चेहरा लगेच ओळखला. आपण बरोबर की जग बरोबर, हे न कळणाऱ्या माणसाचा चेहरा. महिनाभर ती आरशात तोच बघत होती.

"मी का करीन असं?"

"जुना कॅमेरा लहान होता. पट्टीची टोकं त्याच्यात मावत नव्हती. मी नवीन आले तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं. दोन तुकडे घेतले की पट्टी दुप्पट लांब मिळते. मधली थोडी जागा जाते, पण तेवढं चालतं, फक्त ती कुठे आहे हे विसरायचं नाही." शेवटचे शब्द तोंडातून निसटले आणि तिनं जीभ चावली.

सर खुर्चीत बसले. खाली कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

"तू काकूंशी बोललीस," ते म्हणाले.

"हो, सर."

"बरं." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मग आता मला काही ठाऊक नाही असं धरून चाल. पहिल्यापासून सांग. कॅमेरा, जोड, सगळं."

माईनं सांगितलं. सुरुवातीला ततपप झालं, पण मग जमू लागलं. सर विद्यार्थ्यासारखे ऐकत होते, आणि विद्यार्थी म्हणाल तर मोठे खट होते. प्रत्येक वाक्याला अडवत. रेषा कुठल्या तुकड्यावर घेणार? उजव्या. का? पट्टीचा मध्य निळ्याकडे सरकवला की डाव्या तुकड्यावर सोडियमच्या रेषाही हाती लागतात. किती सरकवणार? माईनं दुपारी घाबरून काढलेला आकडा सांगितला.

सरांनी डोळे बारीक केले. "म्हणजे रेषा उजव्या तुकड्याच्या पार टोकाला गेली."

"जोडापासून लांब, सर. धोका नको म्हणून."

"खड्डा चुकवायला गाडी गटारात घातलीस की! मोजमापासाठी दिवा लावतेस ना? त्या दिव्याच्या ठरलेल्या रेषा तुझ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना नकोत? टोकाला नेलीस तर उजवीकडे काय उरलं? एकाच बाजूच्या खुणांवर सरकणं मोजणार? आणि टोकाला चित्रही फिसकटतं." ते तरतरीत उठले आणि तिच्या हातून खडू काढून घेतला. "अर्धीच सरकव. तुकड्याच्या पोटात राहू दे तिला, दोन्ही बाजूंना दिव्याच्या चार चार रेषा येतील अशी."

माईनं मनात हिशेब केला. बरोबर होता, अगदी बरोबर. कुलूप हातात धरून त्याचं काय करायचं विचारणारा माणूस आणि हा माणूस एकच, हे तिला पटेना, आणि हसावं की रडावं हेही कळेना. तिनं सरांच्या संगणकावर नवा आकडा भरला. चित्रात तांबडी रेषा उजव्या तुकड्यात ऐसपैस बसली. आता सरांनी मंजुरीचं बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं.

सरांनी माऊसवर हात ठेवला आणि थांबले.

"माई, उद्या मी म्हणालो की रेषा पट्टीच्या मधोमध ठेव, तर काय करशील?"

"उद्या बदल होणारच नाही, सर. यंत्र बंद केलेलं असेल."

"या रात्रीचं विचारत नाहीये मी. तुझा प्रबंध लिहायचाय अजून. मी सांगत राहणार. आणि छातीठोकपणे सांगणार, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. तेव्हा काय करशील?"

माईनं नजर खाली वळवली.

"हो सर म्हणशील. पाच वर्षं तेच म्हणत आलीस. सवय मीच लावली. चल, मी आत्ता म्हणतो. रेषा मधोमध ठेव."

"पण सर, जोड..."

"पण-बिण नको. पण म्हटलं की मी वाद घालीन, आणि वादात मी तुला ऐकणार नाही. सरळ नाही म्हण."

"नाही, सर." तिचं तिलाच धड ऐकू आलं नाही.

सर ताडकन उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "नाही म्हणजे? हे यंत्र मी बांधलंय! तू काल आलेली पोर, तुला काय कळतं त्यातलं? पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगतोय मी, एकच! मधोमध ठेव!"

सर नाटक करताहेत की खरंच विसरले, तिला कळेना. तिनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं, तिथेही काही कळेना. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की कळायची गरजच नाही. दोन्हींचं उत्तर एकच आहे.

"नाही, सर," ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं.

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग खाली वाकून त्यांनी मंजुरीचं बटण दाबलं.